मावशीची जीभ आणि मास्तरांचे कान

नाटकघराच्या मागच्या अंगाला, रंगवलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्या आणि मोडक्या सिंहासनांची अडगळ ओलांडून गेलं की स्वयंपाकघर लागायचं. तिथे जी बाई राज्य करायची तिला सगळे मावशी म्हणायचे. नट म्हणायचे, वादक म्हणायचे, तिकीट फाडणारे म्हणायचे. एकदा तर तिचा नवराच सगळ्यांदेखत तिला मावशी म्हणून बसला, आणि पुढे आठवडाभर त्याला कॉफी गार मिळाली. नवरा तिथलाच सुतार. रंगमंचावर महाल उभे करायचे आणि खेळ संपला की मोडायचे, हा त्याचा धंदा.

मावशीच्या स्वयंपाकात माप नव्हतं, तराजू नव्हता, घड्याळ तर नव्हतंच. नाक होतं ना! जिना उतरता उतरताच ती ओरडायची, "वन्सं, कांदा लागला खाली, हलवा की जरा!" वन्सं म्हणजे तिची नणंद. भाज्या चिरणं, भांडी उतरवणं आणि वहिनीचं बोलणं ऐकून घेणं अशी तिन्ही कामं त्या बिनतक्रार करायच्या. मिठाचा डबा मात्र मावशीच्या हाताखाली. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. आणि आजवर तिने कुणालाही "पुरे झालं का? बघा बरं जरा चाखून," असं विचारलेलं कुणी ऐकलं नव्हतं. विचारायचं कशाला? तिला माहीत असायचं.

मग त्या हिवाळ्यात तिला ताप आला. चांगला सणसणून आला, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला.

पहिल्यांदा तिला वाटलं सर्दी असेल, जाईल. सर्दी गेली, वास काही परत आला नाही. वास गेला तशी चवही गेली. कॉफी म्हणजे गरम पाणी, पाव म्हणजे ओला कागद. एक दिवस दार लावून घेऊन तिने लसणाची अख्खी पाकळी चावून खाल्ली. काही नाही! जिभेला नुसती चरचर. मावशी पाटावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. रडणार नाही तर काय करेल? गवयाचा गळा जावा तसंच झालं की हे.

पण सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते तिकीटखिडकीवर पोचलं असतं. वन्संना सांगावं तर डबा त्यांच्या हातात द्यावा लागला असता. तेव्हा मावशीने तोंडात गुळणी धरली आणि रेटून स्वयंपाक करत राहिली. हाताला सवय होती, त्यामुळे बरेच दिवस निभावलं. कधी सूप अळणी, कधी रस्सा असा खारट की नाटकातला राजा मेल्यानंतरही पाणी मागायचा. लोक आपले हसून सोडून द्यायचे. "मावशीचं लक्ष नाही आज," म्हणायचे.

मग दुधाचं प्रकरण झालं. नव्या नाटकाला पैसे देणारी मोठी मंडळी तालीम बघायला आली होती. मावशीने त्यांना कॉफी पाठवली आणि दूध आंबलेलं निघालं. साधं नाही, असं आंबलेलं की पेला तोंडापर्यंत न्यायची गरज नव्हती. ज्या बाईला जिन्यावरून कांदा कळायचा, तिला हातातल्या दुधाचा पत्ता लागला नाही.

व्यवस्थापक स्वतः खाली आले. सडपातळ, सभ्य गृहस्थ, पोटाचे कायम नाजूक. आवाज न चढवता म्हणाले, "मावशी, मला वाईट वाटतंय, पण बाहेरून जेवण आणायचा विचार चाललाय. नव्या नाटकाचा पहिला खेळ झाला की सगळ्यांचं जेवण इथे आहे. ते तुम्ही करा. मग बघू." आणि गेले. 'मग बघू' म्हणजे काय हे न कळण्याइतकी मावशी दुधखुळी नव्हती.

तिने मनाशी ठरवून टाकलं. नामुष्कीने हाकलून घेण्यापेक्षा आपणच जाऊन सांगावं, झालं ते झालं, आता मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी हे सांगायला ती निघाली, तेवढ्यात वन्संनी हातात सूपाचा वाडगा दिला. "वहिनी, वर जातेच आहेस तर मास्तरांना एवढं देऊन ये. दोन दिवस खाली उतरले नाहीत."

मास्तर म्हणजे नाटकघराचे संगीतकार. सगळ्यात वरच्या मजल्यावर, कबुतरांच्या शेजारी त्यांची खोली. मास्तरांचे कान गेले होते. आधी एक गेला, मग दुसरा, आता तर शेजारी लाकडी पेटी आपटली तरी ते मान वळवत नसत. हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, आणि मास्तरही ते लपवत नव्हते. लपवणार कसे? स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते साधं "बसा" म्हणाले तरी खालच्या गल्लीतला माणूस बसायला जागा शोधेल, इतक्या जोरात म्हणायचे.

मावशी आत गेली तेव्हा मास्तर पियानोकडे पाठ करून बसले होते. पियानोवर कागदांचा आणि धुवायच्या कपड्यांचा ढीग. मास्तर खिडकीत टेकून पेन्सिलीने लिहीत होते आणि मधून मधून गुणगुणत होते. गुणगुणणं कसलं, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज. पण चेहरा! भुकेल्या माणसापुढे ताट यावं तसा चेहरा. त्यांनी अर्धं पान खोडलं, स्वतःलाच एक शिवी दिली आणि पुन्हा लिहायला लागले.

मावशीने वाडगा त्यांच्या नाकाखाली धरला. "मास्तर, न ऐकता कसं हो लिहिता?" तिने कानाकडे, कागदाकडे आणि आभाळाकडे बोट दाखवत विचारलं.

"कसं म्हणजे?" मास्तर गरजले. "कान गेले, मी थोडाच गेलो! वर्षभर मीही हातपाय गाळून बसलो होतो. हा पियानो विकायला काढला होता, जिन्यावरून नेता येणार नाही म्हणत गिऱ्हाईक परत गेलं, म्हणून राहिला. मग एक दिवस दाढी करताना डोक्यात चाल वाजली. पुरी, सगळ्या वाद्यांसकट. तेव्हा कळलं, जन्मभर ऐकलेलं सगळं आत आहे, कुठे जात नाही. चुकतं का? हो, चुकतं. दहा वेळा चुकतं, अकराव्यांदा लिहितो. त्रास चुकण्याचा नाही गं. त्रास याचा, की कसं झालं विचारलं की सगळे म्हणतात छान. दया येते त्यांना माझी. त्यांच्या दयेचं काय लोणचं घालू?"

मावशी मटकन खुर्चीत बसली. इतके दिवस पोटात कोंडलेलं एकदम उसळून वर आलं. ती बोलायला लागली, मग लक्षात आलं की यांना ऐकू कुठे येतंय. तिने नाकाला हात लावला, जीभ बाहेर काढली आणि दोन्ही हात हलवून नाही नाही केलं.

मास्तरांनी घाईघाईने तोंडासमोर तळहात धरला. "माझ्या तोंडाला वास येतो?"

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा सुरू केलं. स्वतःकडे बोट, सूपाकडे बोट, जिभेकडे बोट, मग रिकामी मूठ उघडून दाखवली. मास्तर बघत राहिले, आणि एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"तुला चव कळत नाही!"

मावशीने उडी मारून त्यांच्या तोंडावर हात दाबला. कबुतरं उडाली. खालून कुणी आलं नाही हे तिचं नशीब.

मास्तरांनी तिचा हात बाजूला केला आणि चमचाभर सूप प्यायलं. "तरीच! महिनाभर मी हे काय गिळतोय असं मला वाटतच होतं. हे सूप नव्हे, भांडी विसळलेलं पाणी आहे."

मावशीला असा राग आला म्हणता! पदर खोचून ती उठलीच. आजवर कुणाची टाप नव्हती तिला असं बोलायची. दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं. ती परत आली, खुर्चीत बसली आणि हसायला लागली. मास्तरही हसले. मग त्यांनी कामाचं बोलणं काढलं. तिच्या जिभेचं काम त्यांनी करायचं, त्यांच्या कानांचं तिने. तिने हात हलवला, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. "उत्तम!" मास्तर म्हणाले. "मला वादक नकोय. तुला कुठे कंटाळा येतो, एवढंच कळू दे."

व्यवस्थापकांकडे जायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

आता मास्तरांना हळू बोलता येत नसे, त्यामुळे त्यांनी खुणा ठरवल्या. दुपारी वाढण्याआधी ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे राहायचे, चमचा तोंडात घालायचे आणि वादकांना करतात तशी बोटं हलवायचे. एक बोट वर म्हणजे मीठ हवं. तळहात खाली म्हणजे आता हात आवर. मान डोलावली की जमलं. वन्सं बिचाऱ्या तोंडात बोट घालून बघत राहायच्या. पण मावशी नुसती त्यांच्या बोटांवर विसंबली नाही. या माणसाने कानाशिवाय एवढं उभं केलं, मग आपल्याला अजून डोळे आहेत, कान आहेत, हात आहेत! कांद्यातलं पाणी आटलं की तेलाचा आवाज बदलतो, हे तिला उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकू आलं. रस्सा पळीवरून कसा उतरतो, पाव तळाशी ठोकला तर कसा वाजतो, हे ती शिकली. बाजारातून तराजू आणला. लाज वाटली, पण आणला.

आणि रोज तालमीला ती मागच्या रांगेत वाटाणे सोलत बसायची. मास्तरांनी तिला एकदाही मत विचारलं नाही. तिला वाटायचं, विसरले वाटतं. एके दिवशी त्यांनी पहिल्या अंकातला मोठा तुकडा सरळ कापून टाकला. व्हायोलिनवाल्यांनी हिरमुसून हात उडवले. "का मास्तर?"

"तो वाजत असताना मावशीने टोपलीभर वाटाणे सोलले," मास्तर म्हणाले. "पुढचा तुकडा वाजला तेव्हा तिचे हात थांबले होते."

असं होतं तर! मास्तर वाद्यांकडे कमी आणि तिच्या बोटांकडे जास्त बघत होते. मावशीला लाजल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

एक गोष्ट मात्र तिला कळेना. मास्तर मान डोलावायचे, तरी जेवणाच्या रांगेतून कुणीतरी म्हणायचंच, "मावशी, आज जरा खारट." मास्तर खोटं बोलत असतील का? छे, तो माणूस मरेल पण खोटं बोलणार नाही.

खोटं बोलली ती मावशीच. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशीची तालीम. शेवटच्या प्रवेशात मुलगी घर सोडून जाते तिथे मास्तरांनी बासरी घातली होती. ते तो भाग वाजवून घेताना डोळे मिटून उभे होते, गालांवरून पाणी ओघळत होतं. आणि बासरी ऐकूच येत नव्हती. व्हायोलिनांच्या गदारोळात ती पार गाडली गेली होती. बासरीवाला फुंकून फुंकून लालेलाल झाला होता, पण बोलायला कुणी धजेना. तालीम संपल्यावर मास्तर थेट मागच्या रांगेत आले आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

त्यांचे डोळे अजून ओले होते. मावशीला धीर झाला नाही. तिने मान डोलावली. छान.

मास्तरांनी तिच्या मांडीवर बघितलं. वाटाण्याच्या शेंगा तिने न सोलताच चुरगाळून टाकल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाले, आणि या वेळी कसं कोण जाणे, अगदी हळू म्हणाले. मग जिना चढून गेले.

मावशीला स्वतःची अशी चीड आली की विचारू नका. दयेचं लोणचं शेवटी तिनेच घातलं होतं. सकाळी उठल्या उठल्या, चुलीला हात लावायच्या आधी, ती वर गेली. मास्तरांनी पाठ वळवली. ती फिरून समोर गेली. एक हात तिने हळूहळू वर नेला, बासरीसारखा तिरपा धरून. दुसऱ्या हाताची सगळी बोटं त्याच्यावर आणली आणि दाबून टाकला. पुन्हा दाखवलं. मग हात जोडले. मास्तरांनी कागद ओढून घेतला, पेन्सिल उचलली. तिच्याकडे बघितलं मात्र नाही. "जा," म्हणाले.

खेळ दुपारचा, जेवण त्यानंतर लगेच. चाखायला मास्तर येणार नाहीत हे उघड होतं. पातेल्यासमोर मावशी उभी राहिली. हे शेवटचं जेवण ठरलं तर? उद्यापासून या चुलीवर दुसऱ्याच कुणाची भांडी चढली तर? शेवटी तिने मिठाचा डबा उचलला आणि वन्संच्या हातात दिला. "वन्सं, मला चव कळत नाही. तापापासून. तुम्ही बघा."

वन्संनी डबा घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मला काय माहीत नाही होय, वहिनी? दूध आंबलं तेव्हाच कळलं मला. म्हणून तर तुझी पाठ वळली की रोज मी चिमूटभर टाकत होते."

"रोज?"

"रोज. मास्तर गेले की."

मावशीने बोटांवर हिशेब केला. आधी तिने टाकायचं, मग मास्तरांच्या बोटाने टाकायचं, मग वन्संनी टाकायचं! रांगेतल्या लोकांची तक्रार खोटी कुठे होती? दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या की पळी खाली पडली. मग घाबरून दोघींनीही हात आखडते घेतले. वन्संनी रस्सा चाखून "मस्त" म्हटलं, पण वन्सं कशालाही मस्तच म्हणायच्या, त्यात काही अर्थ नव्हता.

शेवटच्या प्रवेशाला मावशी ओल्या हातांनीच दारात जाऊन उभी राहिली. मुलगी घर सोडून निघाली. व्हायोलिनं वाजत होती, वाजत होती, आणि एकदम सगळी थांबली. एकटी बासरी उरली. नाटकघरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मावशीच्या अंगावर काटा आला. मास्तर वाद्यांपुढे उभे होते, त्यांना यातलं काहीही ऐकू येत नव्हतं, चुकलं असतं तरी कळलं नसतं, आणि तरी ते सगळ्यांसमोर ताठ उभे होते. मावशीला वाटलं, या माणसाला आपण छान म्हणून फसवणार होतो.

जेवायला सगळी मंडळी लांब टेबलांवर बसली. व्यवस्थापक मधोमध. मास्तर पार टोकाला. रस्सा वाढला, पाव वाढले, आणि मावशी भिंतीला टेकून उभी राहिली. लोक खात होते, बोलत होते, त्यावरून काही कळेना. व्यवस्थापकांनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला आणि मान वर केली. ते काहीतरी म्हणणार, तेवढ्यात टोकाकडून तोफ उडाली.

"मीठ कमी आहे!"

सगळ्या माना टोकाकडे वळल्या. वन्संनी डोळे मिटून घेतले. सुतार नवरा अर्धवट उठला. मावशीच्या मात्र डोळ्यांत टचकन पाणी आलं, कारण मास्तर सरळ तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. ती पुढे झाली.

"असेल कमी," ती म्हणाली. "तापानंतर माझा वास गेला, चव गेली. ते दूधही मला कळलं नव्हतं. सांगायची लाज वाटली. स्वयंपाक येतो मला अजून, पण मिठाचं दुसऱ्याला विचारावं लागतं. आता तुम्ही काय ते ठरवा."

मास्तरांना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांनी आपली ताटली पुढे केली आणि पुन्हा गरजले, "बाकी रस्सा असा झालाय की मी तिसऱ्यांदा घेतोय! मीठ आणा की कुणीतरी!"

आधी बासरीवाला हसला, मग सगळी टेबलं. मावशी हसली नाही. ती व्यवस्थापकांकडे बघत होती. त्यांनी मिठाची वाटी तिच्यासमोर सरकवली आणि आपली ताटली पुढे केली.

मावशीने चिमूट घेतली, रस्स्यावर सोडली, आणि उभ्या आयुष्यात जे कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"पुरे झालं का?"

व्यवस्थापकांनी सावकाश चाखलं. "अजून थोडं," ते म्हणाले. "आणि उद्याही वाढायच्या आधी मला हाक मारा."